गाडीची बॅटरी काढायची आणि पुन्हा जोडायची: क्रम, कारणं आणि जोडल्यानंतरची कामं

बारा व्होल्टनं शॉक बसत नाही, हे खरं. कोरड्या हातांनी गाडीच्या बॅटरीची दोन्ही टर्मिनल्स एकदम धरली तरी काही जाणवत नाही. त्यामुळेच बॅटरीचं काम फार हलक्यात घेतलं जातं. पण सेल्फ मारताना छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरीसुद्धा शे-दोनशे अँपिअर सहज देते, आणि शॉर्ट झाली तर त्याहून कितीतरी जास्त. तो करंट चुकून हातातल्या पान्यातून वाहिला तर पाना क्षणात तापतो, कधी टर्मिनलला वेल्डिंग केल्यासारखा चिकटतो, आणि वर हायड्रोजन साचलेला असेल तर बॅटरीचं झाकण उडून आतलं ॲसिड तोंडावर येऊ शकतं. म्हणजे या कामात सर्वांत जास्त सांभाळायची वस्तू बॅटरी नाही, पाना आहे. काढण्या-जोडण्याचे बहुतेक सगळे नियम ‘आत्ता हा पाना चुकून कुठे टेकला तर काय होईल?’ या एका प्रश्नातून निघतात. तो डोक्यात ठेवला की क्रम पाठ करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट अलीकडच्या गाड्यांची. पूर्वी बॅटरी काढून लावली की फार तर घड्याळ चुकायचं. आता काचा, स्टिअरिंग, इंजिनचा आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग), स्टिरिओ असं बरंच काही ‘विसरतं’. काढायला पाच-दहा मिनिटं पुरतात; जोडल्यावर सगळं जागेवर आणायला मात्र अर्धा तास हाताशी ठेवावा.

हे सगळं लिहिताना डोळ्यांसमोर आहे ती आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारी गाडी: बॉनेटखाली बॅटरी असलेली पेट्रोल किंवा सीएनजी हॅचबॅक, म्हणजे वॅगन आर, स्विफ्ट, टियागो या जातकुळीतली. तुमच्या गाडीत काही वेगळं असेल तर शेवटचा शब्द गाडीसोबत आलेल्या मॅन्युअलचा.

आधी मायनस का?

गाडीची पत्र्याची बॉडी आणि इंजिन हे सगळं मिळून बॅटरीच्या मायनस टोकाचाच भाग असतं. मायनसची काळी वायर पाहा: ती टर्मिनलपासून निघते आणि जवळच बॉडीला बोल्टनं कसलेली असते, दुसरी एखादी गिअरबॉक्सला जाते. त्यामुळे बॉनेटची कड, बॅटरीचा पट्टा, रेडिएटरचं ब्रॅकेट, जिथे म्हणून उघडा पत्रा आहे तिथे मायनस आहे.

आता समजा, मायनस तशीच ठेवून तुम्ही प्लसचा नट सोडायला घेतला. पान्याचं एक टोक प्लसवर, आणि दुसरं टोक फिरवता फिरवता पत्र्याला लागलं. झाला शॉर्ट. छोट्या गाड्यांत बॅटरीभोवती बोटभरच जागा असते, त्यामुळे हे अगदी सहज होतं. उलट मायनसचा नट सोडताना पाना बॉडीला लागला तर काहीच होत नाही, कारण दोन्हीकडे मायनसच आहे. आणि मायनस एकदा सुटली की प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तरी सर्किट पूर्ण होत नाही.

म्हणून काढताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना आधी प्लस, मग मायनस. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असायची. तुमच्याकडे तसली हौसेची गाडी असेल तर नियम असा वाचा: बॉडीला गेलेली वायर आधी सुटते आणि शेवटी जोडली जाते, तिच्यावर चिन्ह कोणतंही असो.

वायरच्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. कधीतरी कुणीतरी वायर बदललेली असते आणि दोन्ही काळ्याच निघतात. बॅटरीच्या अंगावर टर्मिनलजवळ ठसवलेलं + आणि − बघा. तेही धुळीखाली दिसत नसेल तर खुंट, म्हणजे वायर अडकवायचे शिशाचे गोल दांडे, बघा: प्लसचा खुंट मायनसपेक्षा जाड असतो. बारीक खुंटाच्या जपानी मापाच्या बॅटरीत प्लस १४.७ मिमी आणि मायनस १३ मिमी, जाड खुंटाच्या बॅटरीत १९.५ आणि १७.९ मिमी. फरक डोळ्यांना कळतो.

इथे हात आखडता घ्या

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतही बारा व्होल्टची एक साधी बॅटरी असते, पण त्याच गाडीत शेकडो व्होल्टचा वेगळा पॅक असतो. त्याच्या वायरी नारिंगी रंगाच्या असतात. नारिंगी वायर दिसली की तिला, तिच्या जोडाला, तिच्या आवरणाला हात लावायचा नाही. अशा गाडीची बारा व्होल्टची बॅटरी काढायची ठरावीक पद्धत मॅन्युअलमध्ये असते. ती नीट समजली नाही तर सर्व्हिस सेंटरवालाच बरा.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवर (वायरच्या टोकाला असलेली, खुंटाला आवळायची धातूची पकड) बहुधा एक छोटा काळा सेन्सर बसवलेला असतो, त्यातून बारीक वायरचा सॉकेट निघतो. तो बॅटरीचा करंट मोजतो. क्लॅम्प काढताना जोर त्या सेन्सरवर देऊ नका. प्लॅस्टिकचा तुकडा दिसतो, पण किमतीला स्वस्त नसतो. या गाड्यांना बॅटरीही ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे इंजिनचं वारंवार चालू-बंद झेलणाऱ्या जातीची लागते, साधी बसवली तर लवकर निकामी होते. काही स्मार्ट हायब्रिड गाड्यांत जोडीला एक लिथियम-आयन बॅटरीही असते, तिच्या वाटेला जायचं नाही. आणि काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनर लावून गाडीला तसं ‘सांगावं’ लागतं. हे घरी होत नाही.

बॅटरीचं अंग फुगलेलं असेल, तडा गेलेला असेल, किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर बॉनेट उघडं ठेवून लांब व्हा. तो वास जास्त चार्ज होऊन तापलेल्या बॅटरीचा असतो. गार होऊ द्या आणि जाणकाराला बोलवा. सीएनजी गाडीत गॅसचा वास येत असेल तर त्या दिवशी बॅटरीचा विषयच नको, आधी गळती.

काय काय लागतं

बहुतेक जपानी-कोरियन वळणाच्या गाड्यांत टर्मिनलचा नट १० नंबरचा असतो. बॅटरी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याला १० किंवा १२ नंबर, काही गाड्यांत १३. दहा-अकराचा साधा पाना चालतो, रिंग पाना असेल तर उत्तम, कारण तो घसरत नाही. पक्कड वापरू नका. नटाचे कोपरे खाल्ले की पुढच्या वेळी काम दुप्पट. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या, फक्त तोंड उघडं राहू द्या. दहा रुपयांच्या टेपनं शॉर्टचा निम्मा धोका जातो.

बाकी गोष्टी घरातल्याच: रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा (गॉगल असेल तर आणखी चांगलं), जुना टूथब्रश, पॉलिश पेपरचा तुकडा, खाण्याचा सोडा, व्हॅसलीन, दोन कोरडी फडकी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा. बादलीभर स्वच्छ पाणी जवळ हवंच. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवायचं; डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा उघडा धरून धुवायचा आणि तडक डॉक्टरकडे जायचं. कपडे जुने घाला. ॲसिडचा थेंब सुती शर्टवर पडला की तेव्हा काही दिसत नाही, पहिल्या धुण्यात तिथे भोक पडतं.

अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. गळ्यातली चेन किंवा मंगळसूत्र वाकल्यावर लोंबतं, तेही काढा किंवा आत खोचा. अंगठी पाना आणि पत्रा यांच्यामध्ये सापडली तर ती शॉर्टचा भाग बनते आणि बोटात असतानाच तापते. गॅरेजमधले अनुभवी लोक कामाला लागण्याआधी अंगठी खिशात टाकतात, ते उगाच नाही.

बॉनेट उघडण्याआधी

गाडी सपाट जागी, सावलीत, हवा खेळती असेल तिथे लावा. बेसमेंटच्या कोपऱ्यात दार बंद करून हे काम नको. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. लांबून चालवून आणलेली किंवा नुकती चार्जरवरून काढलेली बॅटरी असेल तर बॉनेट उघडं टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबा. सिगारेट, उदबत्ती, लायटरच्या उजेडात बघणं, काही नको.

इंजिन बंद, दिवे, एसी, पंखा, स्टिरिओ, चार्जिंगला लावलेला मोबाइल सगळं बंद, हँडब्रेक ओढलेला. डॅशकॅम किंवा ट्रॅकर लावला असेल तर त्याचा प्लग काढा.

मग पुढच्या चार गोष्टी, ज्या बॅटरी सुटल्यावर आठवल्या तर उपयोग नसतो.

स्टिरिओला कोड लागतो का ते बघून कोड लिहून ठेवा. जुन्या कंपनी-फिटेड सेटना तो लागतो आणि बहुधा गाडीच्या कागदांच्या पिशवीत एका छोट्या कार्डावर असतो.

ड्रायव्हरची काच पूर्ण खाली करा आणि किल्ली खिशात ठेवा. बॅटरी परत जोडताना सेंट्रल लॉकला झटका बसून दारं लॉक होऊ शकतात. किल्ली आत आणि तुम्ही बाहेर, अशी वेळ नको. रिमोटवाली किल्ली असेल तर तिच्या पोटात दडवलेली साधी किल्ली कुठे आहे तेही आताच बघून घ्या; बॅटरी नसताना दार तिनंच उघडतं.

डिकी बटणानं उघडणारी असेल आणि बॅटरी डिकीत असेल, तर काम संपेपर्यंत डिकी बंद करायची नाही. 

ऑटोमॅटिक गाडी असेल तर लक्षात घ्या, बॅटरी काढल्यावर लिव्हर ‘पी’मधून हलत नाही, आणि बटणाचा पार्किंग ब्रेक असेल तर तोही सुटत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुमच्या मागे दुसऱ्याची गाडी अडकणार असेल तर आधी जागा बदला.

इग्निशन बंद करून किल्ली काढल्यावर लगेच पान्याला हात घालू नका. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. स्टिअरिंग किंवा एअरबॅगजवळचं काम करायचं असेल तर बॅटरी काढल्यानंतरही थांबावं लागतं. कुणी दीड मिनिट सांगतं, कुणी तीन. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. एअरबॅगच्या यंत्रणेत तेवढा वेळ चार्ज उरलेला असतो.

काढणं

गाडी काही आठवडे उभी ठेवायची आहे किंवा कुणी इलेक्ट्रिकचं काम करणार आहे, एवढंच असेल तर फक्त मायनस सोडा. प्लसला हात लावायची गरजच नाही. बॅटरी बाहेर काढायची असेल तरच पुढच्या पायऱ्या.

*मायनस.* मायनसच्या क्लॅम्पचा नट डावीकडे फिरवून सैल करा. पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आटे पुरतात. सगळा काढला तर तो घरंगळत इंजिनखालच्या कव्हरमध्ये जातो आणि शोधायला गाडीखाली झोपावं लागतं. आता क्लॅम्प हातात धरून डावी-उजवीकडे थोडा थोडा पिळत वर ओढा. निघत नसेल तर नट आणखी सैल करा, पण स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटू नका आणि हातोडी तर मुळीच नको. खुंट शिशाचा, मऊ असतो. तो हलला की झाकणाशी असलेलं त्याचं सील फुटतं, तिथून ॲसिड झिरपतं आणि चांगली बॅटरी महिन्याभरात टर्मिनलभोवती पांढरी होते.

काढलेली वायर आखूड आणि ताठ असते, सोडली की आपसूक परत टर्मिनलकडे येते. तिच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा आणि ती बाजूला दाबून ठेवा. ही पायरी अनेक जण गाळतात. वायर परत टेकली तर मायनस काढल्याचा काही अर्थच उरत नाही.

*प्लस.* लाल टोपी उघडा. बऱ्याच गाड्यांत प्लसच्या क्लॅम्पवरच मोठ्या फ्यूजचा डबा बसवलेला असतो आणि तिथे तीन-चार नट दिसतात. त्यातला फक्त खुंटाला आवळणारा आडवा बोल्ट तुमच्या कामाचा. बाकीचे फ्यूजचे, त्यांना हात नको. नट सैल करून क्लॅम्प आधीसारखाच काढा आणि फडक्यात गुंडाळून ठेवा.

*पट्टा.* बॅटरीवरून गेलेला पट्टा किंवा तळाशी धरणारी क्लिप आता सोडा. पट्टा बहुधा लोखंडी असतो आणि काढताना दोन्ही टर्मिनल्सवर आडवा पडू शकतो. वायरी सुटल्या असल्या तरी बॅटरी स्वतः जिवंतच असते, दोन खुंटांवर लोखंड पडलं तर शॉर्ट होणारच. म्हणून एका हातानं पट्टा धरून दुसऱ्या हातानं नट सोडा, किंवा प्लसच्या खुंटावर फडकं टाका.

*उचलणं.* छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी दहा किलोच्या आसपास, डिझेल एसयूव्हीची पंधरा-अठरा किलो आणि कधी त्याहून जास्त. कंबर वाकवून लांबून ओढू नका. गाडीला चिकटून उभे राहा, हँडल असेल तर त्याला धरा, नसेल तर दोन्ही हातांनी तळाशी, आणि सरळ वर उचला. तिरकी करायची नाही. ठेवताना लाकडी फळीवर किंवा प्लॅस्टिकच्या ट्रेवर उभीच ठेवा. फरशीवर ठेवली तर बॅटरी उतरते असं म्हणतात ते आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना लागू नाही, पण ॲसिडचा डाग फरशीवरून जात नाही हे लागू आहे.

टर्मिनलची सफाई

क्लॅम्पवर पांढरट-निळसर भुकटी दिसली तर ती हातानं खरवडू नका, तिच्यात ॲसिडचा अंश असतो. वाटीभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून टूथब्रशनं लावा. फसफसेल. फेस थांबेपर्यंत पुन्हा लावा, मग थोड्या साध्या पाण्यानं धुऊन कोरड्या फडक्यानं पुसा. बॅटरीला पाणी भरायच्या टोप्या असतील तर त्या घट्ट बंद असल्याची खात्री करा. सोड्याचं पाणी आत गेलं तर ते आतलं ॲसिडच मारतं. मग पॉलिश पेपर खुंटावरून आणि क्लॅम्पच्या आतून हलकासा फिरवा. शिसं चकचकीत झालं की बास, झिजवायचं नाही.

नाक्यावरचा मेकॅनिक वरून उकळतं पाणी ओततो. भुकटी जाते, पण ॲसिडचं पाणी खाली ट्रेवर आणि बॉडीच्या पत्र्यावर जातं, आणि दोन पावसाळ्यांनी तिथला पत्रा सडलेला सापडतो. कोकणातल्या, गोव्यातल्या खाऱ्या हवेत तर लवकरच. बॅटरी बाहेर आहे तोवर तिचा ट्रे धुऊन घ्या, पाणी जायचं भोक मोकळं करा. ट्रेखाली हमखास काहीतरी सापडतं: शेंगांची टरफलं, कापसाचा गोळा, कुरतडलेल्या वायरचं प्लॅस्टिक. टरफलं आणि कापूस म्हणजे उंदीर मुक्कामी आहेत. आसपासच्या वायरींवरून बोट फिरवून कुठे तांबं उघडं पडलंय का ते बघा.

बॅटरी हाताशी आहे तर मल्टिमीटरही लावून बघा. काही तास आराम झालेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२च्या आसपास म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली. झाकणावरचा हिरवा डोळा सहापैकी एकाच सेलची स्थिती सांगतो, त्यामुळे हिरवा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका.

नवी बॅटरी घेत असाल तर

जुन्या बॅटरीवरचा कोड मोबाइलवर टिपून मगच दुकानात जा. समजा ‘३८बी२०एल’ असं लिहिलं आहे. त्यातला २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये साधारण लांबी, आणि शेवटचं अक्षर टर्मिनल्स कोणत्या बाजूला आहेत ते सांगतं. ‘३८बी२०आर’ दिसायला सारखीच, ट्रेमध्ये बसतेही चपखल, पण तिचे प्लस-मायनस उलट बाजूंना असतात. मग वायर पुरत नाही म्हणून कुणीतरी बॅटरी फिरवतं, वायरी ताणल्या जातात आणि एक दिवस लाल वायर काळ्याच्या जागी जाऊन बसते. उलटी जोडली की मोठा फ्यूज तरी उडतो, नाहीतर अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) डायोड तरी जातात. कधी दोन्ही.

खुंटाची जाडीही जुळवून घ्या. जाड क्लॅम्पच्या गाडीत बारीक खुंटाची बॅटरी बसवून मध्ये पत्र्याचा तुकडा किंवा खिळा ठोकलेला अनेक गाड्यांत दिसतो. दुकानातून निघताना गाडी चालू होते. खड्ड्यातून गेल्यावर काय होईल ते सांगता येत नाही. खुंटावर चढवायची शिशाची टोपी मिळते. तीच घ्या, नाहीतर बरोबर मापाची बॅटरी घ्या.

जोडणं

बॅटरी ट्रेमध्ये ठेवा, प्लस लाल वायरच्या बाजूला आहे ना ते दोनदा बघा. आधी पट्टा कसा. तो सैल राहिला तर आपल्या रस्त्यांवर बॅटरी हिंदकळते आणि आतल्या प्लेटा झडतात. पट्टा नसलेली बॅटरी लवकर मरते त्याचं हेच कारण. फार आवळून डबा चेपायचाही नाही.

मग प्लस. क्लॅम्प खुंटावर पूर्ण खाली बसवा, खुंटाचं तोंड क्लॅम्पच्या वर किंवा बरोबरीत दिसलं पाहिजे. बसत नसेल तर ठोकू नका, बोल्ट सैल करून क्लॅम्पचं तोंड किंचित फाकवा. आवळा आणि लाल टोपी लावा. मायनसला हात लावण्याआधी टोपी लागलेली असली की पुढचं काम निर्धास्त होतं.

शेवटी मायनस. इग्निशन बंद आहे, किल्ली खिशात आहे, काच खाली आहे, हे बघा. क्लॅम्प खुंटावर एका दमात ठामपणे बसवा. टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा असं करू नका. टेकताना बारीकशी ठिणगी दिसू शकते. गाडीतल्या कॉम्प्युटरचे कपॅसिटर भरतात त्याची ती, घाबरायचं कारण नाही. मोठी, चटचट आवाज करणारी ठिणगी दिसली तर थांबा. दिवा, पंखा किंवा काहीतरी चालू राहिलं आहे, नाहीतर कुठेतरी शॉर्ट आहे. ते सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

किती आवळायचं? साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या पान्यावर मनगटाचा जोर, दंडाचा नाही. परीक्षा सोपी आहे: क्लॅम्प हातानं पिळून बघा. जरासुद्धा फिरला तर सैल. घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. आधी लावून मग क्लॅम्प बसवायचा नाही. धातूला धातू भिडला पाहिजे, व्हॅसलीन फक्त बाहेरच्या ओलाव्याला अडवायला.

जोडल्यावरचा अर्धा तास

किल्ली ‘ऑन’ करून लगेच सेल्फ मारू नका. डॅशबोर्डचे दिवे उजळून स्थिर होऊ द्या, मग इंजिन चालू करा. पहिली काही मिनिटं आयडल वर-खाली होऊ शकतो. कॉम्प्युटर थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, जागा नव्यानं शिकत असतो. एसी बंद, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, अशी गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. इंजिन गरम झाल्यावर आयडल जागेवर येतो.

मल्टिमीटर असेल तर आता टर्मिनल्सवर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर चार्ज करतोय. नव्या गाड्यांत हा आकडा परिस्थितीप्रमाणे बदलतो, पण इंजिन चालू असताना साडेबाराच्या आसपासच रेंगाळत राहिला तर इलेक्ट्रिशियनला दाखवा.

एका बटणानं आपोआप वर जाणारी काच आता अर्ध्यात थांबेल किंवा उलटी खाली येईल. बिघाड नाही. काच पूर्ण खाली न्या, मग बटण ओढून पूर्ण वर न्या आणि वर गेल्यावरही दोन-तीन सेकंद बटण सोडू नका. बहुतेक गाड्यांत एवढ्यानं भागतं. सनरूफचंही असंच काहीतरी असतं, मॅन्युअलमध्ये मिळेल.

स्टिअरिंगचा किंवा गाडी घसरल्याचा पिवळा दिवा लागला असेल तर गाडी जागेवर उभी, इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि परत मध्यावर आणा. नंतर मोकळ्या रस्त्यावर थोडी सरळ चालवा. दिवा गेला तर विषय संपला. एअरबॅगचा दिवा मात्र राहिला तर तो स्वतः घालवायच्या फंदात पडू नका.

घड्याळ, स्टिरिओचा कोड, ब्लूटूथची जोडणी हे शेवटी.

चालू इंजिनवर मायनस काढायची ‘टेस्ट’

‘गाडी चालू ठेव, मायनस काढून बघ; बंद पडली तर अल्टरनेटर गेला.’ ही युक्ती अजून चालते, आणि कार्ब्युरेटरच्या जमान्यात ती खपूनही गेली. त्या गाडीत बिघडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक फारसं नव्हतंच.

अल्टरनेटर करंट पाठवत असताना समोरची बॅटरी अचानक गायब झाली की तो करंट एकदम कुठे वळवायचा हे त्याला क्षणात जमत नाही आणि व्होल्टेज उसळतं. बारा व्होल्टच्या गाडीत ते क्षणभर ८० ते १०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग तपासायच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत अशा उसळीची वेगळी चाचणीच ठेवलेली आहे. नव्या अल्टरनेटरमध्ये तिला लगाम घालणारे डायोड असतात, पण त्यांच्या भरवशावर इंजिनचा कॉम्प्युटर पणाला लावायचं कारण नाही. जे बघायला मायनस काढायची ती गोष्ट दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर वरचा व्होल्टेजचा आकडा दाखवून सांगतो. मेकॅनिक हात पुढे करायला लागला तर ‘राहू द्या दादा, मीटर लावा’ म्हणा.

कॉम्प्युटरची मेमरी जाऊ नये म्हणून ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले स्कॅनर लावतात तो) लावायची छोटी उपकरणं मिळतात. ती लावल्यावर बॅटरी काढलेली असली तरी प्लसची सुटी वायर जिवंत राहते, म्हणजे मायनस आधी काढल्याची सगळी सुरक्षितता गेली. घरी काम करणाऱ्यानं यांच्या नादी न लागलेलं बरं. काच पुन्हा शिकवणं सोपं आहे.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर

मुलाकडे परदेशात तीन महिने जाणारे आई-वडील, जहाजावर जाणारे खलाशी, मुंबईत राहून गाडी गावी ठेवणारे. मायनस सोडून ठेवायची सर्वांत जास्त गरज यांना. बंद गाडीसुद्धा अलार्म, घड्याळ, रिमोटच्या रिसीव्हरसाठी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर खात असते. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पंधरवड्यात निम्मी होते. २०२०च्या टाळेबंदीत सोसायट्यांमधल्या इतक्या बॅटऱ्या बसल्या त्या याच हिशेबानं.

मायनस काढण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती पूर्ण चार्ज होतच नाही. सुटी ठेवलेली बॅटरीही हळूहळू स्वतःच उतरते, उन्हाळ्यात जास्त. दोन महिन्यांनी शेजाऱ्याला मीटर लावायला सांगा, १२.४च्या खाली आली असेल तर चार्जरवर ठेवायची. जाताना दारं साध्या किल्लीनं लॉक करा आणि अलार्म आता वाजणार नाही हे लक्षात ठेवून गाडी लावायची जागा निवडा. पावसाळा असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ब्रेक चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देण्यापेक्षा दुकानात परत द्या. नव्याच्या किमतीत तिची सूट मिळतेच, आणि २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. स्कूटरवर पायांमध्ये आडवी ठेवून मात्र नेऊ नका. उभी, टोप्या वर आणि खुंटांवर टेप.